बिनपाटीचं गॅरेज, जुनी एटीव्ही आणि एक कुंभारमाशी

पाटी शोधत बसू नका, पाटी नाहीच. मेट्रोच्या ऑरेंज लाइनचं शेवटचं स्टेशन ऑटोमोटिव्ह चौक. तिथं उतरून कामठी रोड सोडला आणि आतल्या गल्लीत वळलं की आधी ट्रकच्या टायरांचा ढीग लागतो, मग एक वेल्डिंगवाला, आणि त्याच्या पुढं कडुलिंबाखाली पत्र्याचं शेड. शेडच्या तोंडाशी एका ट्रॅक्टरचा सांगाडा उभा आहे. तो दुरुस्तीला आलेला नाही, तिथलाच आहे. त्याच्या बॉनेटवर चहाचे ग्लास ठेवतात. हीच खूण.

नागपुरात जुनी एटीव्ही, म्हणजे कच्च्या वाटेवर चालणारी चारचाकी मोटारसायकल, बाळगून असलेले माझ्यासारखे आणखी काही जण आहेत, फार्महाउसवाले, रिसॉर्टवाले. सगळ्यांची रड एकच. इंजिन कोणीही खोलून देतो, पण इंजिनातून निघालेला जोर मागच्या चाकांपर्यंत पोचायच्या आत कुठं हरवतो, हे शोधून देणारा माणूस मिळत नाही. मला मिळाला. त्याचं चांगलं-वाईट दोन्ही लिहिते.

आधी माझं सांगते. मी ३१ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. निवृत्त झाल्यावर सासऱ्यांची काटोलकडची संत्र्याची बाग अंगावर घेतली. राहते शंकरनगरला, आठवड्यातून तीन दिवस बागेत. झाडं १८ बाय १८ फुटांवर लावलेली, आता वयात आलेली, फांद्या एकमेकींच्या गळ्यात. फळ लागलं असताना ओळीत ट्रॅक्टर घातला तर संत्री कमी आणि फांद्या जास्त घरी येतात. म्हणून २०१९ साली एका रिसॉर्टवाल्याकडून ३५० सीसीची एटीव्ही घेतली, २००८ चं मॉडेल, १ लाख १५ हजारांना. मागं छोटी ट्रॉली जोडली की आठ-दहा कॅरेट आरामात निघतात. नोंदणी नाही, त्यामुळे रस्त्यावर काढायची नाही. बागेतली गाडी बागेत. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण जे झालं त्यात तिचा दोष नव्हता. आधीच्या मालकाचा थोडा होता, माझा बराच.

ऑक्टोबर संपत आला होता, आंबिया बहाराची तोड चालू. आमच्या बागेच्या मधून नाला जातो आणि दिवाळीपर्यंत त्यात गुडघ्याच्या खाली पाणी असतं. भरलेली ट्रॉली घेऊन गाडी नाल्यातून वर चढत होती, तेवढ्यात मागून कडकडकड असा आवाज आला, दगडावर साखळी ओढल्यासारखा, आणि गाडी जागच्या जागी थांबली. इंजिन चालू. गॅस दिला की ओरडतं, चाकं ढिम्म. आमचा सालदार पंधरा वर्षांपासून बागेत आहे, त्यानं एका वाक्यात निदान सांगितलं: "मॅडम, गाडी नुसती बोंबलून राहिली, चालून नाही राहिली." पुढं दीड महिना जे पैसे गेले ते हे वाक्य कोणी नीट ऐकलं नाही म्हणून गेले.

पहिल्या गॅरेजचं नाव घेत नाही. शहरातलं, काचेच्या दारांचं, आत थंडगार. त्यांनी गाडी उतरवल्या उतरवल्या सांगितलं, बेल्ट गेला. या गाडीत चालवताना गिअर बदलायची भानगड नाही, स्कूटरसारखा बेल्ट आणि दोन पुली असतात. बेल्ट घसरला तर इंजिन ओरडतं आणि गाडी पळत नाही, हे खरंच आहे. जुना बेल्ट त्यांनी दाखवला, मलाही तो थोडा चकाकलेला वाटला. नवा टाकला, ९,२०० रुपये घेतले. गाडी चालू केली, चाकं ढिम्म. मग म्हणाले, मागचा जॉइंट सुटला असेल, शाफ्टला वेल्डिंग मारून टाकू, पाचशेत होईल. त्या पाचशेची मला ९,२०० पेक्षा जास्त भीती वाटली. गाडी उचलून आणली.

बिनपाटीच्या गॅरेजचा पत्ता दिला छोटा हत्तीच्या ड्रायव्हरनं. काटोलहून नागपूर साठेक किलोमीटर, एका फेरीचे तो २,२०० घेतो. फेटरीजवळ चहाला थांबलो तेव्हा म्हणाला, "काकू, कायले शोरूमवाल्यांच्या नादी लागता. कामठी रोडवर एक म्हातारा आहे, जेसीबीचे पार्ट पण हातानं बनवते."

म्हातारा म्हणजे साठ-पासष्टचे असतील. सगळे त्यांना वस्ताद म्हणतात, मीही म्हणू लागले. पांढरी दाढी, चष्म्याची एक काडी तारेनं बांधलेली. हाताखाली दोन पोट्टे. मी बेल्टची कथा सुरू केली तर हात वर करून थांबवलं आणि तीन प्रश्न विचारले. बंद पडायच्या आधी रबर जळाल्याचा वास आला होता का? गाडी आधी हळूहळू मंदावत गेली होती, का एकदम सुटली? आणि पाण्यातून काढता का? वास नाही, एकदम सुटली, रोज पाण्यातून काढते. "मंग बेल्ट कसा राहील?" एवढंच म्हणाले. बेल्ट घसरतो तेव्हा आधी महिनाभर सांगत असतो: चढावर दम लागतो, वास येतो. कडकड करून एका क्षणात सुटतं ते लोखंडाला लोखंड लागतं तिथं.

पहिली तपासणी पाना न लावता झाली. मागची बाजू जॅकवर घेतली, खाली लाकडी ठोकळे दिले, गिअरचा दांडा पार्किंगला टाकला आणि मला म्हणाले, चाक फिरवा. पार्किंगला गिअरबॉक्स आतून अडकलेली असते, त्यामुळे चाक हलायलाच नको. ते गरगर फिरलं, आतून बारीक खरखर ऐकू आली. एक चाक फिरवलं की दुसरंही त्याच दिशेनं फिरत होतं. आपल्या बंडीची दोन्ही चाकं कण्यावर आपापली फिरतात. या गाडीत तसं नाही, कणा आणि दोन्ही चाकं एकजीव, मध्ये डिफरन्शियल नाही. म्हणजे चाकापासून कण्यापर्यंत सगळं धड आहे, तुटलंय ते कणा आणि गिअरबॉक्स यांच्या मधे. हे मी पाटीवर आकृती काढून शिकवू शकले असते, पण मला सुचलं नव्हतं.

दुसरी तपासणी थोडी धोक्याची, म्हणून पोट्ट्यांना लांब उभं केलं आणि माझी ओढणी खोचायला लावली. मागचा कणा धरणाऱ्या स्विंगआर्मच्या पुढच्या टोकाला रबरी बूट असतो, तो मागं सरकवला की आतला क्रॉस, म्हणजे सांधा, दिसतो, गिअरबॉक्समधून मागं जाणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचा. त्यावर खडूनं रेघ मारली. चाकं हवेतच, इंजिन चालू, गाडी लो गिअरला टाकली. खडूची रेघ फिरू लागली, चाकं थांबलेली. म्हणजे बेल्ट ठीक, गिअरबॉक्स ठीक, क्रॉससुद्धा ठीक. दोष त्याच्या मागं. सगळं मिळून दहा मिनिटं. या दहा मिनिटांचे त्यांनी पैसे लावले नाहीत, आणि काचेच्या दारामागं हीच दहा मिनिटं कोणी काढली नव्हती.

खोलायला मात्र अख्खा दिवस गेला. चाकं निघाली, चाकं ज्यांवर बसतात ते हब निघेनात. हब कण्याच्या काप्यांवर, म्हणजे त्यावर कोरलेल्या उभ्या दातांवर, बसतो आणि बारा-पंधरा वर्षांच्या चिखलानं तो तिथं गंजून एक झालेला. पोट्ट्यानं हातोडी उचलली तर वस्तादांनी त्याला असं काही झापलं की शेजारचा वेल्डिंगवाला डोकावला. कण्याच्या टोकावर हातोडी बसली की आटे बसतात, मग नटच लागत नाही. ओढून काढायचा पुलर लावला, ताण देऊन ठेवला, डिझेल सोडलं आणि सगळे जेवायला गेले. मी कोपऱ्यावर तर्री पोहे खाल्ले, तर्री जरा जास्तच झाली. परत आले तेव्हा हब आपोआप सुटून पुलरला लटकत होता.

मागच्या गिअरकेसचा ड्रेन बोल्ट काढला तेव्हा तेल नाही, दूध-साखर जास्त पडलेला चहा बाहेर आला. तेलात पाणी मिसळून फेसाळलं की असंच दिसतं. बोल्टच्या टोकाला चुंबक असतं. त्यावर काळा, मऊ, काजळासारखा लेप होता. वस्तादांनी तो अंगठा आणि बोटात चोळून पाहिला, मलाही चोळायला लावला. कण टोचत नाहीत ना? मग क्राउन-पिनियनचे, म्हणजे शाफ्टचं फिरणं कण्याकडं वळवणाऱ्या गिअरच्या जोडीचे, दात शाबूत आहेत, हा फक्त झिजेचा गाळ आहे. टोचले असते तर खर्च तिप्पट झाला असता. घरी तेल बदलताना हे कोणीही करू शकतं, आणि एटीव्ही घेतल्यापासून मी एकदाही केलं नव्हतं.

गुन्हेगार सापडला तो हाताच्या मुठीएवढा. शाफ्ट आणि पिनियन यांना जोडणारी स्लीव्ह असते, आतून काप्या असलेली, जाड बांगडीसारखी. आतल्या काप्यांच्या जागी गुळगुळीत नळी झाली होती, कुठंकुठं करवतीच्या पात्यासारखी धार उरलेली. आणि सगळीकडं लाल-तपकिरी भुकटी, कुंकवात राख कालवल्यासारखी. ग्रीस पाण्यानं धुऊन गेलं की काप्या एकमेकींवर बारीक बारीक थरथरतात, घासलेलं लोखंड गंजतं, आणि तो गंज पुन्हा पॉलिश पेपरचं काम करतो. वरून काही दिसत नाही. एक दिवस भरलेली ट्रॉली नाल्यातून वर चढते आणि उरलेले दोन-चार दात शरण जातात.

मी वेल्डिंगचं विचारलं. त्यांनी स्लीव्ह माझ्या हातात दिली. "काकू, वेल्डिंग मारलं तं आज चालन. उद्या सील बदलाचं काम निघालं का शाफ्ट बाहेर कसा काढान? कापूनच काढा लागन." शिवाय पिनियनचं पोलाद कडक केलेलं असतं, वेल्डिंगच्या तापानं त्याचा पाणीदारपणा जातो आणि शेजारी तडा जातो. पाचशेच्या कामानं पिनियन गेलं असतं, आणि पिनियन गेलं की जोडीचं क्राउनही बदलावं लागतं, दोघं जोडीनंच विकतात.

ओरिजिनल स्लीव्ह नागपुरात नाही. परदेशातून मागवायची तर कस्टम धरून १५ हजारांच्या आसपास आणि दीड महिना. वस्ताद म्हणाले, बनवू. हिंगणा एमआयडीसीत त्यांचा एक ओळखीचा गिअर कापणारा आहे. तिथं ईएन-२४ पोलादाच्या गोल तुकड्यातून स्लीव्ह वळवली आणि आतल्या काप्या वायरकट मशीनवर कापल्या. माप जुन्या स्लीव्हवरून घेता येणार नव्हतं, ती तर संपलेली. पिनियनच्या शेपटीवरच्या धड काप्यांवरून घेतलं. इथं एक गोष्ट मला फार आवडली. मी म्हटलं, चांगली कडक करून आणा, पुन्हा झिजायला नको. ते हसले. स्लीव्ह मुद्दाम पिनियनपेक्षा थोडी मऊ ठेवायची. दोघांपैकी एकाला कधीतरी झिजायचंच आहे, तर स्वस्त असेल त्यानं झिजावं.

बेअरिंग दोन बदलली, कण्याच्या दोन्ही बाजूंची. डावं हातानं फिरवलं तर रेती भरल्यासारखं अडकत होतं, उजवं बरं होतं. पण कणा निघालाच आहे तर जोडीनं बदला म्हणाले आणि मला पटलं. बेअरिंगचं एक बरं असतं, त्याच्या अंगावर नंबर कोरलेला असतो. गाडी कुठल्या देशाची का असेना, नंबर आणि कंपनी बघून कोणत्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतं. ऑइल सीलचंही, म्हणजे तेल अडवणाऱ्या रबरी कड्याचंही, तसंच: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. एटीव्हीचं सील मागितलं तर दुकानदार मान हलवतो. तीन आकडे सांगितले तर डब्यातून काढून देतो.

बसवताना माझा थोडा उपयोग झाला. गिअरकेस ॲल्युमिनियमची, बेअरिंग पोलादाचं. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. म्हणून केस गरम करायची आणि बेअरिंग थंड. वस्तादांकडं स्टोव्ह होता, फ्रीज नव्हता. मी बेअरिंगं प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कोपऱ्यावरच्या किराणावाल्याच्या आइस्क्रीमच्या पेटीत ठेवायला दिली. त्यानं काही विचारलं नाही, म्हणजे हे तिथं नेहमीचं असावं. दोन तासांनी आणली, उकळत्या पाण्यातून काढलेल्या केसमध्ये ती अशी अलगद बसली, जशी इडली भांड्यात. हातोडी नाही, ठोकाठोक नाही.

मग शेंदूर. तेलात कालवलेला शेंदूर त्यांनी क्राउनच्या चार-पाच दातांना बोटानं लावला आणि पिनियन हळूहळू फिरवलं. जिथं दात दाताला लागतो तिथला शेंदूर पुसला जातो आणि ठसा उमटतो. ठसा दाताच्या मधोमध पाहिजे. टोकाकडं गेला तर आवाज करणार, बुडाशी गेला तर दात खाणार. पहिला ठसा बाहेरच्या टोकाकडं आला. एक पातळ चकती, शिम, काढून दुसरी टाकली, पुन्हा शेंदूर, पुन्हा ठसा. तिसऱ्यांदा जमलं. डायल गेज लावून दातांमधला मोकळेपणाही मोजला, मिलिमीटरचा दहावा हिस्सा आणि वर थोडा. त्यांच्या मोबाइलमध्ये या गाडीचं मॅन्युअल होतं, इंग्रजीतलं. आकडे तेवढे वाचतात. मारुतीला लावायचा शेंदूर जर्मन गिअरलाही लागतो आणि जपानीलाही, असं एक पोट्टा म्हणाला. कुठूनतरी ऐकलेलं असणार.

इथं गाडी बंद करून देता आली असती. नवी स्लीव्ह, नवी बेअरिंगं, नवी सील. वस्ताद केस बंद करेनात. "सील तं नवी टाकली. पण पाणी आलं कुठून?" जुनी सील त्यांनी उजेडात धरून पाहिली होती, ओठ फाटलेले नव्हते. त्या दिवशी त्यांनी दुसरं काहीच केलं नाही, नुसते गाडीभोवती फिरत होते, आणि मी मनात म्हणत होते, बावा, बंद करा आता, माझी मेट्रो जाईल.

गिअरकेसच्या डोक्यावर बोटभर जाडीचीही नसलेली एक नळी असते, ब्रीदर. ती रबरी पाइपनं वर सीटखाली नेलेली असते, म्हणजे केसला श्वास घेता यावा आणि पाण्यात गेलं तरी नळीचं तोंड कोरडं राहावं. आमच्या गाडीत तो पाइप मागच्या मडगार्डच्या आतच संपत होता, रिसॉर्टवाल्यांनी कधीतरी कापलेला. वस्तादांनी त्यात तोंडानं फुंकलं. हवा जाईना. तार घातली तर आतून माती आली, सुबक, गोल, कोरड्या मातीच्या गोळ्या. कुंभारमाशीनं पाइपात घर केलं होतं.

मी तिथल्या तेलकट स्टुलावर बसले आणि मला स्वतःचंच हसू आलं. बंद भांड्यातली हवा २७ अंशांवरून ८७ अंशांवर गेली, म्हणजे केल्व्हिनमध्ये ३०० वरून ३६०, तर तिचा दाब एक पंचमांशानं वाढतो. हे गणित मी ३१ वर्षं फळ्यावर सोडवलं. गाडी ओळींमधून फिरून तापली की केसमधली हवा फुगणार, ब्रीदर बुजलेला म्हणून सीलच्या ओठाखालून थोडी बाहेर निसटणार. मग तीच तापलेली केस नाल्याच्या थंड पाण्यात बुडणार, आतली हवा आकसणार, आणि बाहेरून आत ओढायला हवा नाही, पाणी आहे. सीलचा स्प्रिंगवाला ओठ आतलं तेल अडवायला असतो. बाहेरून ओढल्या जाणाऱ्या पाण्यापुढं त्याचं फार चालत नाही. गरम भाजीचा डबा घट्ट लावला की दुपारी झाकण निघत नाही, हे उदाहरणसुद्धा माझंच होतं. वस्तादांना केल्व्हिन माहीत नाही. ते म्हणाले, "गाडीनं पाणी पेलं, काकू. नाक बंद होतं, तोंडानं पेलं."

नवा पाइप ४० रुपयांचा. सीटखाली वरपर्यंत नेला, तोंड खाली वळवलं आणि त्यावर गॅसच्या बर्नरची बारीक जाळी तारेनं बांधली, माशीसाठी.

हिशेब असा झाला. स्लीव्ह ३,८००, दोन बेअरिंग १,२८०, तीन सील ५१०, तेल आणि ग्रीस ५६०, ब्रीदर ४०, ब्रेक शूला नवं लायनिंग ४५०, मजुरी ४,५००. एकूण ११,१४०. छोटा हत्तीच्या फेऱ्या वेगळ्या. तेल ८०डब्ल्यू-९०, जीएल-५, हायपॉइड गिअरला लागतं तेच. लिटरचा डबा आणला, केसमध्ये त्याचा तिसरा हिस्सासुद्धा मावला नाही, उरलेलं बाटलीत भरून परत दिलं. काप्यांना काळं मॉलिब्डेनमचं ग्रीस. जुने सगळे भाग पोत्यात घालून गाडीसोबत पाठवले, मी न मागता.

आता तक्रारी. आठ दिवस सांगितले आणि एकोणीस लागले. त्यातले पाच दिवस हिंगण्याची मशीन बंद होती हे मान्य, बाकीचे दिवस कुठं गेले ते मला कळलं नाही. फोन उचलत नाहीत. उचलला तर "आज पाहतो" म्हणतात, आणि हा "आज" कोणता ते आपण ठरवायचं. बिल कॅलेंडरच्या पाठीमागं पेन्सिलीनं लिहिलेलं. कोणाला जीएसटीचं बिल हवं असेल तर इथं येऊ नका. बसायला जागा नाही, बाईमाणसाला तर आणखी अवघड. बाथरूमसाठी मेट्रो स्टेशनावर परत जावं लागलं. आणि वस्ताद स्वतः जेवढे काटेकोर, पोट्टे तेवढे नाहीत. गाडी बागेत आल्यावर दुसऱ्याच दिवशी मागचा ब्रेक ड्रम हात लावता येऊ नये इतका तापला. नवं लायनिंग टाकून ॲडजस्टर गच्च आवळून ठेवला होता, ब्रेक लागलेलाच राहत होता. नशीब, त्या वेळी फोन उचलला. सालदाराला फोनवरच समजावलं: चाकं उचला, नट दोन आटे सैल करा, चाक हातानं फिरवून बघा, घासल्याचा आवाज बंद झाला की थांबा. पाच मिनिटांत झालं, पण लक्षात आलं नसतं तर नवं लायनिंग आणि कदाचित नवं सीलही जळालं असतं.

एक मतभेदही नोंदवते. वस्तादांचं म्हणणं, नाला ओलांडायच्या आधी गाडी दहा मिनिटं थंड होऊ द्यावी. तोडीच्या दिवसांत तीस फेऱ्या असतात, दहा-दहा मिनिटं थांबले तर मजूर माझ्याकडं कसे बघतील? ब्रीदर मोकळा असेल तर त्याची गरज नाही असं माझं मत. ते म्हणतात, तुमी मास्तरीण आहात, तुमचं बरोबर असन, पण थांबा.

गाडी डिसेंबरच्या मध्यात आली. मृग बहाराची तोड झाली, मग उन्हाळ्यात ४५-४६ अंशांत फवारणीचं पाणी वाहिलं, मग आख्खा पावसाळा. परवा स्वतः ड्रेन बोल्ट काढला. तेल मधासारखं, थोडं गडद, पाण्याचा मागमूस नाही. चुंबकावर नखाएवढा काळा लेप. मी तो चोळून पाहिला, टोचला नाही. पार्किंगला टाकून चाक हलवलं तर आधी बोटभर डुगडुगायचं, आता तेवढंही नाही. चालताना मागून एक हलकी घरघर येते, जी आधी नव्हती. वस्तादांना फोनवर आवाज ऐकवला. म्हणाले, शेंदूर चौथ्यांदा लावला असता तर तेवढीही गेली असती, पुढच्या वेळी बघू.

जाणार असाल तर अकराच्या आत जाऊ नका, शेड उघडत नाही. शुक्रवारी दुपारी एक ते तीन बंद असतं. गाडी धुऊन नेऊ नका. चिखल कुठं साचला आहे, तेल कुठून झिरपलं आहे, ते त्यांना बघायचं असतं, आणि धुऊन आणलेल्या गाडीवर ते आधी पंधरा मिनिटं कुरकुर करतात. मार्चमध्ये मी मृगाची अर्धी कॅरेट संत्री देऊन आले. घेतली, एक सोलून खाल्लं आणि म्हणाले, आंबट आहेत.